बालकांचे गृहशिक्षण : बीड जिल्हा

बालकांचे गृहशिक्षण : शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात, म्हणजे साधारणतः सहाव्या वर्षापर्यंत, घरातील माणसांच्या सहवासात खेळ, गाणी, गोष्टी व लहानसहान कामे यांतून मुलाला मिळणारे शिक्षण. रंजनापासून ते वेगळे काढता येत नाही. रडते मूल शांत करण्याच्या खटपटीतूनच त्याचा बराचसा भाग निर्माण झालेला आहे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात त्याचा इतिहास विशेष उद्‌बोधक ठरतो. ज्या घराच्या आधारावर हे शिक्षण उभे असते, ते घरच येथील असंख्य कुटुंबांच्या बाबतीत वर्षातील जवळजवळ सहा महिने परमुलखात असते.

या शिक्षणाची साधने घरातली व शेतातली. तान्ह्या मुलासाठी लुगड्याची झोळी आणि खुळखुळा, उभे राहू लागलेल्यासाठी सुताराने केलेला पांगुळगाडा, पोळ्याला मातीचे बैल, मोजण्यासाठी चिंचोके. ज्वारी हे जिल्ह्यातील प्रमुख अन्नधान्य. कणसे खुडल्यावर उरणाऱ्या ताटांची साल सोलून तिच्या काड्या आतील मऊ भेंडात खोचून मुले बैलगाडी करीत. दोन्ही चाके सारखी नसली, तर ती चालत नसे. मापाचा हा पहिला धडा कोणी शब्दांनी देत नसे. भातुकलीत घरातील नातीगोती व कामांची वाटणी मूल गिरवी. ती वाटणी मुलीच्या वाट्याला चूल आणि मुलाच्या वाट्याला बाजार अशीच असे, हेही नमूद केले पाहिजे. गोष्टी व कोडी ही मुख्यतः आजीची मिरास होती, कारण दिवेलागणीनंतर तिलाच काय ती सवड असे.

पहाटे दळण दळताना पुष्कळदा मूल आईच्या मांडीवरच असे. त्यामुळे जात्यावरील ओवी हीच त्याच्या कानी पडणारी पहिली कविता होय. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांच्या पुढाकाराने झालेल्या ओवीसंकलनात १९९६ मध्ये माजलगाव येथील दलित स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या विपुल आहेत. पाठ्यपुस्तकातून जे पुढे शिकवले जाणार होते, त्यातील काही अशा रीतीने घरात आधीच पोचलेले होते. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले. स्त्रियांचे कष्ट त्यामुळे वाचले, हे निर्विवाद. मुलांचे काय हरपले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

अक्षरओळख ही मोजक्या घरांची मिरासदारी होती. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, सायंकाळी परवचा म्हणणे, पावकी, निमकी व दिडकी पाठ करणे हे कुलकर्णी, जोशी वा व्यापारी यांच्या घरी चाले. इतरांच्या घरी जे शिकले जाई, त्यास शिक्षण म्हणण्याची पद्धत नव्हती. त्यातच बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरी शिकलेली मराठी शाळेच्या वरच्या पायऱ्यांवर फारशी उपयोगी पडत नसे.

शिशुशिक्षणाचा शास्त्रीय विचार महाराष्ट्रात अन्य वाटेने आला. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोम येथे कष्टकऱ्यांच्या चाळीतच सुरू झाले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांचे करायचे काय, हा त्यामागील प्रश्न होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत या पद्धतीस भारतीय रूप दिले आणि १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ (१९१०–९२) या त्यांच्या सहकारी. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीनेच त्याच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची मूळ कल्पना. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने व खडे यांनी घेतली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. पोषण व लसीकरण यांना त्या योजनेत जे स्थान मिळाले, ते खेळाला सहसा मिळाले नाही.

बीडमध्ये या कल्पनेची खरी कसोटी लागली. पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेती व पश्चिम महाराष्ट्रात वाढत गेलेले साखर कारखाने यांमुळे पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी इ. भागांतून ऊसतोडणीसाठी स्थलांतर होऊ लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर ते वाढले. मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, परततात. पतिपत्नीची जोडी हा हिशेबाचा एकक असून त्यास 'कोयता' म्हणतात. आई अर्धा कोयता ठरल्यामुळे मूल फडाच्या कडेला असते, वा मोठ्या बहिणीच्या कडेवर. आणि ती बहीणही पुष्कळदा शाळेच्याच वयाची असते. राहण्याची कोपी अपुरी, भोवती गाड्यांची वर्दळ, काम पहाटेपासून. आजी बहुधा गावी राहिलेली असते आणि तिच्याबरोबर गोष्टीही.

शासकीय व स्वयंसेवी उपाययोजना मुख्यतः शाळकरी मुलांसाठी झाल्या. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या गेल्या. शिक्षणहक्क अधिनियम (२००९) आल्यावर मुलांना नियमित शाळेत घालण्यावर भर आला आणि त्या मागे पडल्या. गावीच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली. परंतु या अधिनियमाचा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था शासन 'करू शकेल', एवढेच त्यात म्हटले आहे. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदातही २००२ च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने 'प्रयत्न' करावयाचा आहे. परिणामी सहा वर्षांचा भाऊ वसतिगृहात राहू शकतो, तर चार वर्षांची बहीण आईबरोबर फडावर जाते. तिचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि ती त्या हंगामात अन्य जिल्ह्यात किंवा कर्नाटकात असते.