पार्किन्सन्समध्ये मेंदूत काय घडतं? आकार नसलेल्या एका प्रथिनाची गोष्ट

कोल्हापूरची राजारामपुरी असो की पुणे-मुंबई, आजोबांची चाल मंदावली, हात थरथरू लागला की घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ पण दरवेळी कारण फक्त वय नसतं. काही वेळा तो पार्किन्सन्स असतो आणि त्यात एका प्रथिनाचा बिघडलेला आकार महत्त्वाचा ठरतो.

आकार नसलेलं प्रथिन म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. बरीचशी प्रथिनं ठरावीक घडी घालून काम करतात. काहींना मात्र कायमची घडी नसते. ती मोकळ्या दोऱ्यासारखी सतत हलत असतात. 140 अमिनो आम्लांचं अल्फा-सिन्यूक्लिन त्यातलंच. हा काही दोष नाही. चेतापेशींच्या टोकाशी रसायनांच्या इवल्या पिशव्या असतात. त्यांना चिकटताना हे प्रथिन स्प्रिंगसारखा आकार घेतं, सुटलं की पुन्हा मोकळं होतं.

बिघडतं कुठे?

कधी या साखळ्या सपाट होऊन एकमेकींवर रचल्या जातात आणि चिवट तंतू तयार होतो. दुधात विरजण पडावं तसा हा तंतू आजूबाजूच्या मोकळ्या साखळ्यांनाही आपल्याच आकारात ओढतो. पेशीत साठणाऱ्या अशा गोळ्यांना ‘लेवी बॉडी’ म्हणतात. फ्रिट्झ लेवी यांनी 1912 मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यात अल्फा-सिन्यूक्लिन असतं, हे 1997 मध्ये कळलं. तंतूंपेक्षा त्याआधीचे छोटे पुंजके जास्त घातक असावेत, असं अनेक संशोधक मानतात.

पवईत काय आढळलं?

आयआयटी मुंबईतील प्रा. समीर माजी यांच्या गटाने 2020 मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’त याआधीची एक पायरी मांडली. हे प्रथिन आधी द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत गोळा होऊ शकतं. काकवी घट्ट होऊन गूळ व्हावा, तसे हे थेंब हळूहळू घट्ट होतात आणि त्यात पुंजके व तंतू तयार होतात. म्हणजे रोखायचं, तर तंतू होण्याआधीही एक संधी असू शकते.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

विरजणाचा दाखला पेशींपुरताच; पार्किन्सन्स एकत्र राहिल्याने, सेवा केल्याने होत नाही. लेव्होडोपासारख्या औषधांनी हालचाल सुधारते, पण प्रथिनांचं गोळा होणं थांबत नाही. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं काही वर्षं आधीही दिसू शकतात. मात्र त्यांची इतर कारणंही असतात. हालचाल मंदावली, अंग ताठरलं किंवा हात थरथरू लागला, तर वयावर न ढकलता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.