रिपोर्टवरचा तो आकडा आला कुठून?

बायकांच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये हल्ली सीए १५-३ आणि सीए १२५ या कॅन्सरच्या टेस्ट सर्रास घातलेल्या असतात. जाहिराती आपल्या शिरगावातल्या मोबाइलवरही येतात. आकडा वाढलेला दिसला की घर हादरतं आणि परळला टाटाला जायची बोलणी सुरू होतात. तो आकडा नेमकं काय मोजतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

गोष्ट दुधापासून सुरू होते. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनरने दाखवलं की उंदरांत स्तनाचा कॅन्सर आईच्या दुधातून पिल्लांकडे जाऊ शकतो. पुढे तो विषाणू निघाला. मग माणसाचं काय? परळच्या कॅन्सर संशोधन संस्थेत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करत होत्या. मुंबईच्या पारशी बायकांत हा कॅन्सर जास्त, म्हणून त्यांचं दूध तपासलं गेलं. त्यात उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसल्याचा मुंबई आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा निबंध १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. खळबळ उडाली, पण माणसात कॅन्सर त्यामुळेच होतो हे काही सिद्ध झालं नाही.

दुधातून हाती लागलं ते वेगळंच. दुधातल्या चरबीच्या प्रत्येक थेंबाला पेशीच्या आवरणाचं पातळ वेष्टन असतं आणि त्यावर म्यूसिन नावाची प्रथिनं. शेंबूड, कफ बुळबुळीत करणारं हेच घराणं. फक्त यातली काही वाहून न जाता पेशीच्या अंगावर झुडपासारखी उभी असतात. लंडनमध्ये जॉयस टेलर-पापादिमित्रिऊ यांच्या गटाने १९८० च्या आसपास हे वेष्टन वापरून प्रतिपिंडं बनवली, ती स्तनाच्या गाठींनाही चिकटली. त्या प्रथिनाचं आजचं नाव मक-१. निरोगी पेशीत ते दुधाच्या नळीकडच्या बाजूलाच असतं. कॅन्सरमध्ये पेशीची ही शिस्त मोडते, ते चहूबाजूंनी उगवतं आणि तुकडे रक्तात उतरतात. सीए १५-३ मोजते ते हेच तुकडे. सीए १२५ हा त्याचा भाऊबंद. १९८१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बास्ट यांनी तो शोधला, पण तोही म्यूसिनच, मक-१६, हे कळायला २००१ उजाडलं.

या टेस्टचा खरा उपयोग निदान झालेल्या पेशंटवर, उपचार लागू पडतायत का ते बघायला. धडधाकट बाईला पॅकेजमध्ये विकायला नव्हे! सीए १२५ पाळीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, पोटाच्या टीबीतही वाढतो. आपल्याकडे हे शेवटचं महत्त्वाचं. पोटात पाणी, वजन घटलेलं, आकडा शेकड्यांत, म्हणजे चित्र हुबेहूब अंडाशयाच्या कॅन्सरचं. आणि तुकडा तपासल्यावर निघतो गोळ्यांनी बरा होणारा टीबी. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना घेऊन मोठी चाचणी झाली. सीए १२५ दरवर्षी तपासूनही अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निकाल २०२१ मध्ये लागला.

उलट बाजू जास्त घातक. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला असताना सीए १५-३ बहुतेकदा नॉर्मलच येतो. हाताला गाठ लागतेय आणि रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून बाई घरी बसते.