तिवईवरचं डोकं

माझ्या मावसभावाचा प्रश्न रास्त आहे. कॅमेरा लेन्ससकट किलोभर वजनाचा. तळहातावर मावतो. मग त्याच्याखाली सहा किलोचं लोखंड कशाला घेतोस? (लोखंड नाही रे, अ‍ॅल्युमिनियम आहे. असो.) दुकानदारही त्याच्याच बाजूचा. "साहेब, एवढ्याशा कॅमेऱ्याला हा हलका ट्रायपॉड बास झाला, खोक्यावर लिहिलंय बघा, चार किलो पेलतो."

पेलतो, मान्य. पण पेलणं आणि वळणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या निराळ्या आहेत हे कळायला सिनेमावाल्यांना जवळपास पन्नास वर्षं लागली, आणि ते ज्यांनी शोधून काढलं त्यांतल्या दोघांचा धंदा सिनेमा नव्हताच. ह्या गोष्टीत मी गेले दोन महिने इतका अडकलोय की आता लिहूनच टाकतो.

तिवई जुनीच. मोजणीवाले तिच्यावर दुर्बीण लावायचे, मग फोटोवाल्यांनी उचलली. स्थिर उभं राहणं एवढंच तिचं काम. आपल्या फाळक्यांचं 'अंकुराची वाढ' आठवा. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभर अंकुर वाढताना टिपला. त्या मिनिटभराच्या फिल्मच्या जोरावर पुढचं भांडवल उभं राहिलं. रोज एकच फ्रेम घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण हिशेब बसत नाही. सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर महिन्याच्या तीस फ्रेम दोन सेकंदांत संपतील! तेव्हा रोज बऱ्याच घेतल्या असणार. पण मुद्दा तो नाही. घरात माणसं वावरत असताना महिनाभर कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, ही तिवईची परीक्षा होती.

ही झाली उभं राहण्याची गोष्ट. वळण्याची गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. जून १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक लंडनमधून निघाली. रॉबर्ट पॉल नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या माणसाला ती टिपायची होती. मिरवणूक काही कॅमेऱ्यासमोर थांबणार नव्हती. त्याने तिवईवर वळणारं डोकं बसवून घेतलं: खाली दातेरी चाक, त्याला मळसूत्री दांडा, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की कॅमेरा हळूहळू आडवा वळणार. पुढच्या वर्षी त्याने ते विकायलाही काढलं.

कल्पना उत्तम, पण अडचण बघा. त्या काळी फिल्मही हातानेच फिरवायची, सेकंदाला दोन वेढे. म्हणजे उजवा हात फिल्मच्या हँडलवर, डावा वळवण्याच्या हँडलवर, आणि वर-खाली करायचं असेल तर तिसरा हात देवाकडे मागायचा. मिरवणुकीला हे चालतं, कारण ती कुठून येणार आणि कुठे जाणार हे ठरलेलं असतं. सिंहाचं तसं नसतं.

सिंहापाशी येतो कार्ल एकली. हा माणूस न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी पेंढा भरलेले प्राणी तयार करायचा. पेंढा भरलेले म्हणणं खरं तर अन्याय आहे, तो उत्तम शिल्पकार होता. (एकदा आफ्रिकेत अंगावर आलेल्या बिबट्याला त्याने नुसत्या हातांनी मारलं होतं. ह्याचा ट्रायपॉडशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) १९१० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत नांदी लोक भाल्यांनी सिंहाची शिकार करतात ती त्याला टिपायची होती. जमलं नाही. सिंह एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे. परत येऊन त्याने स्वतःच कॅमेरा बनवला आणि १९१५ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आकाराने गोल आणि चपटा, म्हणून लोक त्याला पॅनकेक म्हणत. आपल्याकडे घावन म्हणाले असते :)

त्या कॅमेऱ्याची खरी कमाल डोक्यात होती. एकाच दांड्याने तो आडवाही वळे आणि वर-खालीही होई, आणि आत दातेरी चाकांनी जोडलेली फ्लायव्हील होती. दांडा हलवला की ही जड चाकं गरगर फिरू लागत. ज्यांनी जातं ओढलंय त्यांना हे समजावायला नको. सुरुवातीला जड, पण एकदा फिरायला लागलं की आपला हात मध्येच अडखळला तरी जातं अडखळत नाही. एकलीने हाताचा थरकाप जात्याच्या स्वाधीन केला. रॉबर्ट फ्लाहर्टी 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) टिपायला उत्तर कॅनडात गेला तो दोन एकली कॅमेरे घेऊन. एकली स्वतः १९२१ मध्ये काँगोत तोच कॅमेरा घेऊन गेला आणि रानातल्या गोरिलांचं पहिलं चित्रण त्याच्या नावावर लागलं.

पण फ्लायव्हील म्हणजे वजन, आणि जातं थांबवायलाही जोर लागतो.

आता जरा शाळेतलं विज्ञान. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण ओढून बघा. आधी हलतच नाही. जोर वाढवला तरी नाही. आणखी वाढवला की एकदम सुटतो आणि आतल्या सुया-दोऱ्यांसकट पायावर येतो. कारण थांबलेल्या वस्तूचं घर्षण चालत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. ते मोडायला जो जोर लावला तो खण हलल्याबरोबर फाजील ठरतो. साध्या ट्रायपॉडच्या डोक्यात नेमकं हेच होतं. धातूवर धातू किंवा प्लॅस्टिक, मध्ये थोडं ग्रीस. अडकणार, मग उडी मारणार.

ह्या उडीचं आमच्या घरात एक उदाहरण आहे, आणि इथे वाचणाऱ्या निम्म्या मंडळींकडे त्याची कॉपी आहे. ताईच्या लग्नाची कॅसेट, १९९४. आजोबांचं हलतं चित्र आपल्याकडे तेवढंच. जेवणाच्या पंगतीवरून कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळतो, मामांपाशी अडकतो, बराच वेळ अडकतो, आणि मग एकदम सुटून थेट वऱ्हाडातल्या मुलींवर जातो. आजोबा मध्ये बसलेत. मी ती कॅसेट डिजिटल करून घेतली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजल्या. सात. सेकंदाला पंचवीस ह्या हिशेबाने पाव सेकंदाहून जेमतेम जास्त, आणि त्या सातही फ्रेम फरफटलेल्या. पांढरी टोपी कळते. चेहरा मामांच्या उजव्या खांद्यापाशी सुरू होतो आणि पाण्याच्या पिंपाजवळ संपतो. व्हिडिओवाल्याचा ह्यात काही दोष नाही, त्याच्या हातात जे डोकं होतं ते तसंच वागणार होतं.

ह्यावरचं उत्तर म्हणजे द्रव. काकवीच्या डब्यात चमचा फिरवा. हळू फिरवला तर काकवी अगदी थोडा विरोध करते, वेगाने फिरवला तर जास्त. आणि चमचा थांबलेला असेल तर? तर विरोध शून्य! इथे सगळी गंमत आहे. घर्षण सुरुवातीलाच सर्वांत जास्त अडवतं, दाट द्रव सुरुवातीला अडवतच नाही आणि वेग वाढेल तसा हात मागे ओढतो. त्यामुळे अडकणं नाही, उडीही नाही.

सिडनीच्या एरिक मिलरने असं द्रव भरलेलं डोकं १९४६ मध्ये पेटंट केलं. त्याच्या नावाची कंपनी पुढे उभी राहिली. पण मला जास्त जवळचा वाटतो तो कॅलिफोर्नियातला चॅडवेल ओकॉनर, कारण तो शुद्ध हौशी माणूस. पेशाने इंजिनियर, आणि वाफेच्या इंजिनांचं वेड. आगगाड्यांच्या फिल्म काढायचा. गाडी लांबून येते तेव्हा कॅमेरा अगदी हळू वळवायचा, समोरून जाताना झटकन, मग पुन्हा हळू. एकाच दमात तिन्ही वेग, आणि ड्रायव्हरला "पुन्हा एकदा घ्या हो" म्हणायची सोय नाही. दर वेळी झटके येत म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने घरीच एक डोकं बनवलं आणि त्यात सिलिकोनचं दाट तेल भरलं. काकवी थंडीत दगड होते आणि उन्हात पाणी. सिलिकोनचा दाटपणा तापमानाने फारसा बदलत नाही, आणि त्याचं व्यापारी उत्पादन दुसऱ्या महायुद्धातच सुरू झालेलं.

ग्लेंडेल स्टेशनवर तो असाच गाड्या टिपत उभा असताना एक गृहस्थ जवळ आले आणि डोक्याची चौकशी करू लागले. ते वॉल्ट डिस्ने. डिस्नेलाही आगगाड्यांचं वेड, इतकं की घराच्या आवारात वर बसून चालवता येईल अशी छोटी गाडी त्याने १९५० मध्ये सुरू केली होती. त्याच्या वाळवंटातल्या प्राण्यांच्या चित्रपटाला, 'द लिव्हिंग डेझर्ट' (१९५३), असंच डोकं हवं होतं. त्याने मागणी नोंदवली आणि ओकॉनरचा छंद धंदा झाला. पुढे अकादमीने १९७५ सालच्या आणि १९९२ सालच्या पुरस्कारांत त्याचा गौरव केला. २००७ मध्ये तो गेला.

सिंह, एस्किमो, आगगाडी, वाळवंटातले किडे. स्टुडिओवाले मात्र तेव्हा मोठमोठे मिचेल कॅमेरे दोन चाकांच्या दातेरी डोक्यावर चालवत होते, आणि त्यांचं छान चाललं होतं, कारण नटाला परत बोलावता येतं.

नंतरचा इतिहास भराभर सांगतो. म्युनिकचा वेंडेलिन साख्टलर १९५८ पासून, इटलीतल्या बसानो देल ग्राप्पाचा फोटोग्राफर लिनो मानफ्रोत्तो साठच्या दशकाच्या शेवटापासून. लंडनचं विंटेन तर १९१० पासूनचं. ही नावं एकमेकांची हाडवैरी वाटतात. गंमत अशी की विंटेनच्याच कंपनीने एकेक करून मानफ्रोत्तो, साख्टलर, ओकॉनर सगळे विकत घेतले. २०२२ मध्ये तिने विडेंडम असं नाव घेतलं तेव्हा हे सगळे एकाच छपराखाली होते.

मग कॅमेरे हलके झाले. १९९५ मध्ये डीव्ही कॅसेट आणि सोनीचा व्हीएक्स १०००, सुमारे दीड किलो. २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू वर फोटोवाले सिनेमा काढू लागले. आणि इथेच मावसभावाचा प्रश्न उलटा होतो. जड कॅमेरा स्वतःच एक जातं होता. दहा किलोचं वजन हाताचा थरकाप गिळून टाकायचं. किलोभराचा कॅमेरा काहीच गिळत नाही, तुमची नाडीसुद्धा पडद्यावर दिसते. म्हणजे हलक्या कॅमेऱ्याला डोकं जास्त चांगलं लागतं, कमी नाही.

पण जास्त चांगलं म्हणजे जास्त मोठं असंही नाही. डोक्यात द्रवाखेरीज एक स्प्रिंग असते. कॅमेरा पुढे झुकवला की तो आणखी पडू पाहतो, स्प्रिंग त्याला सावरते, आणि दोन्ही जोर सारखे असले की हात सोडला तरी कॅमेरा तिथेच राहतो. कॅमेरा किती जोराने पडू पाहणार हे त्याच्या वजनावर आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या किती वर आहे ह्यावर ठरतं. जुना बातम्यांचा कॅमेरा दहा किलो आणि गुरुत्वमध्य पंधरा सेंटिमीटर वर धरा: दीडशे. माझा एक किलो आणि आठ सेंटिमीटर: आठ. वजन दहापट, पण स्प्रिंग जवळजवळ एकोणीसपट लागते. त्याचं डोकं माझ्या कॅमेऱ्याला लावलं तर खाली वाकवलेला कॅमेरा बाहुलीसारखा उसळून सरळ होणार. म्हणून खोक्यावरचा "किती पेलतो" हा आकडा माझ्या कामाचा नाही. "किती कमी वजनाला सावरू शकतो" हा आकडा हवा, आणि तो बहुधा छापलेला नसतो.

तेव्हा दुकानात जाऊन करून बघायचं. कॅमेरा तीस अंश वाकवा आणि हात सोडा. मग लांबची एखादी पाटी झूम करून धरा, हळू वळवा, थांबा, दांडा सोडा. चित्र किंचित मागे सरकलं तर दोष डोक्याचा असेलच असं नाही, पायांचा असतो. द्रवाचा विरोध पायांना पीळ देतो आणि हात सुटल्यावर तो पीळ उलगडतो. त्या चार किलो पेलणाऱ्या हलक्या ट्रायपॉडवर पाटीतलं एक अख्खं अक्षर मागे आलं. दुकानदार म्हणाला, "चालतंय की." मधला वर-खाली होणारा खांब असेल तर हे आणखी वाढतं. आणि फ्लुइड म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त डोकी नुसतं ग्रीस भरलेली असतात, तो खणच पुन्हा.

एवढा खटाटोप आत्यासाठी. ती चौऱ्याऐंशीची आहे. जात्यावरच्या ओव्या अजून म्हणते, पण विचारल्यावर नाही, जात्यावर बसली की. हातापासून सुरू करून चेहऱ्यापर्यंत जायचंय, एकाच ओवीत, आणि ती ओवी दुसऱ्यांदा तशी येत नाही. गेल्या वेळी म्हणाली, "आता गेलं ते, पुढचं ऐक."

मी जुन्या बाजारातून अ‍ॅल्युमिनियमचे दुहेरी नळ्यांचे पाय घेतले, वर पंचाहत्तर मिलिमीटरची वाटी असलेले, म्हणजे सारवलेल्या ओबडधोबड जमिनीवरही डोकं पटकन समतल करता येतं. डोकं लहान घेतलं, स्प्रिंग कमी-जास्त करता येणारं. सगळं मिळून सहा किलो. कार्बन फायबरचे पाय निम्म्या वजनात आले असते, पण किंमत ऐकून मी चहा मागवला.

मार्गशीर्षात जातोय. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा, गाडीत दोन जागा आहेत. जातं माजघरातच आहे, पण बाळूने ते माडीवर न्यायचं डोक्यात घेतलंय, उजेड चांगला म्हणून. नको. माडीची जमीन फळ्यांची आहे, कुणी नुसतं कुशीवर वळलं तरी हलते.