"खांदा उतरला" म्हणण्याआधी खूर पाहा : जनावराच्या लंगडण्याचा जुना इतिहास



आपल्या चिखलदऱ्याला सिझनमध्ये पॉईंटवर पर्यटकांना फिरवणारे घोडे असतात. खाली सपाटीत लग्नाच्या वरातीची घोडी आणि आपले बैल. यातलं कोणतंही जनावर पुढच्या पायानं लंगडलं की चौकातला पहिला माणूस सांगतो, "खांदा उतरला". मग तेल चोळा, शेक द्या, नाहीतर डाग द्या. हा शब्द आणि हे उपाय फार जुने आहेत, आणि फक्त आपल्याकडचेच नाहीत. घोड्यावर ज्यांचं राज्य चालत होतं त्यांनीही शेकडो वर्षं हाच अंदाज बांधला आणि बऱ्याच वेळा चुकीच्या जागी इलाज केला. म्हणून आजची नोंद इतिहासाची, पण कामाची.

पहिले शब्दच घ्या. जुन्या काळी घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्र या ऋषीच्या नावावरून आला. घोड्याच्या वैद्यकाचं शास्त्र त्याच्या नावानं ओळखलं जाई. जयदत्ताचा अश्ववैद्यक आणि नकुलाच्या नावावरचा ग्रंथ हेही त्याच परंपरेतले. पुढे मुसलमानी राजवटीत या ज्ञानाची फारसी भाषांतरं झाली, आणि 1788 मध्ये कलकत्त्याला त्यातलं एक इंग्रजीत छापलं गेलं. इंग्रजांच्या फौजेतही देशी घोडेवैद्याला सालोत्रीच म्हणत. पागेत सालोत्री आणि नालबंद ही दोन माणसं नसली तर शिलेदार पायी आला म्हणून समजा.

जनावराच्या मानेखांद्यावर केवढा भार होता ते आपल्याच डोंगरात पाहा. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावची लढाई झाली. त्यानंतर वेलस्ली आणि स्टीव्हनसन यांच्या फौजा गाविलगडावर आल्या. वेलस्ली दक्षिणेकडून राहिला, स्टीव्हनसन जड तोफा घेऊन डोंगर वळसा घालून उत्तरेला लबाड्याकडे गेला. रस्ता नव्हताच, तो फौजेनं स्वतः काढला. दऱ्याखोऱ्यातून त्या तोफा बहुतेक वाटभर माणसांनी हातानं ओढल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला आणि 17 तारखेला देवगावचा तह झाला. एरवी सपाटीवर तोफ, दारूगोळा, धान्य सगळं बैलाच्या मानेवर आणि घोड्याच्या पाठीवरच चाले. वेलस्लीला म्हैसूरच्या बैलांचं फार कौतुक होतं, ते याच कारणानं. जनावर लंगडलं की फौज थांबली.

आता खांद्याचा दोष का दिला जाई ते समजून घ्या. घोड्याला माणसासारखं गळपट्टीचं हाड नसतं. फऱ्याची दोन हाडं आणि मधे धड, ते फक्त मांस आणि शिरांच्या झोळीत टांगलेलं. शरीराचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. पाय दुखला की जनावर त्यावर जोर देत नाही. काही आठवड्यांत त्या बाजूचा खांदा वाळतो, हाड वर दिसायला लागतं. पाहणारा म्हणतो, दोष खांद्यातच आहे. खरं पाहता खांदा वाळला तो पाय वापरला नाही म्हणून. दुखणं खाली खुरात असतं. कारण वर दिसतं, मूळ खाली असतं.

युरोपातही हेच झालं. तिथले जुने नालबंद खांद्याच्या कातडीला भोक पाडून आत हवा फुंकत. काही जण चांगला पाय बांधून घोड्याला दुखऱ्या पायावर उड्या मारायला लावत, म्हणजे खांदा "बसेल". लाल सळईचा डाग तर सगळीकडेच होता. फ्रान्समधल्या लिऑनला 1761 मध्ये पशुवैद्यकाची पहिली शाळा निघाली, लंडनला 1791 मध्ये. घोड्याचं शरीर फाडून पाहणं, हाडाला हाड जोडून शिकणं तिथून पद्धतीनं सुरू झालं.

खरा फरक पडला तो 1884 नंतर. त्या वर्षी कार्ल कोलर यानं कोकेननं डोळ्याचा भाग बधिर करून दाखवला. थोड्याच काळात घोड्याच्या डॉक्टरांनी ही युक्ती पायाला लावली. खालच्या शिरेजवळ औषध टोचून खूर बधिर करायचा. घोडा सरळ चालला तर दुखणं खुरात. नाही चालला तर एक पायरी वर. असं करत करत खांद्यापर्यंत यायचं. 1895 मध्ये क्ष-किरण सापडले. मुंबईला 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, नागपूरला 1958 मध्ये. आज अकोल्यालाही पशुवैद्यकाची संस्था आहे. आपल्या भागातल्या माणसाला आता सालोत्री शोधत फिरायची गरज नाही.

या सगळ्या इतिहासातून एकच नियम निघतो : तपासणी खालून वर. खांदा आणि मान शेवटी.

घरी काय पाहायचं ते सांगतो.

एक, जनावर कडक सपाट जमिनीवर, दोर ढिला सोडून, दुडक्या चालीनं चालवा. दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. डोकं ज्या पायावर खाली जातं तो पाय चांगला. लोक नेमकं उलटं समजतात.

दोन, खूर उचलून साफ करा. खडा, खिळा, काटा, ढिला नाल, खुराची ऊब पाहा. नंतर गाठ, गुडघा, कोपर असं वर हात फिरवा.

तीन, खालचं सगळं ठीक असेल तरच खांदा. खांद्याच्या दुखण्यात पाऊल पुढे तोकडं पडतं, पाय ओढत आणतो. मानेचं असेल तर जनावर जमिनीवरचा चारा खायला मान खाली नेत नाही, किंवा हातातल्या गाजरामागे एका बाजूला मान वळवत नाही.

चार, ठेच लागत असेल आणि मागचा भागही डुलत असेल तर मानेच्या मणक्यात दोष असू शकतो. त्या घोड्यावर कोणालाच बसवू नका.

दोन गोष्टींत वाट पाहू नका. खिळा लागल्यावर काही दिवसांनी घोड्याची मान ताठ झाली, तोंड उघडेना, तर तो धनुर्वात असू शकतो. घोडा या रोगाला फार नाजूक. लस आधीच टोचून ठेवा. दुसरं बैलाचं. ताप आहे, फऱ्यावर सूज आहे, दाबलं तर करकर वाजते, तर तो मुरगळा नाही, फऱ्या आहे. म्हणूनच त्याला एकटांग्या म्हणतात. ते जनावर एकदोन दिवसांत जातं. लस पावसाळ्याआधीच.

आता खरोखर खांद्याचं दुखणं असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा आपण अंगावर घातलेलं सामान असतं. विलायतेत आणि अमेरिकेत नांगराच्या घोड्यांच्या गळ्यातला पट्टा नीट बसला नाही की फऱ्यावरची शीर दबायची आणि तिथलं मांस वाळून जायचं. आपल्या बैलाला जुवाखाली आवाळू होतं ते त्याच जातीचं. आपल्या बापजाद्यांना हे माहीत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करतात, हळद आणि तूप लावून खांदा चोळतात, बैलाला जेवणाचं आवतण देतात. सण तर आहेच, पण त्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी प्रत्येक बैलाच्या मानेवरून हात फिरतो. मी म्हणतो, हा हात दर आठवड्याला फिरवा.

इलाज साधे आहेत. काम लगेच बंद. मार नवा असेल तर पहिले दोन दिवस थंड पाणी, शेक नंतर. डाग देऊ नका. 1983 मध्ये ब्रिटनच्या ब्रिस्टल विद्यापीठानं घोड्याच्या पायाच्या दोरीवर डागाचा अभ्यास केला, त्यात फायदा दिसला नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन डॉक्टरच्या हातूनच. जनावरासाठी डायक्लोफिनॅक 2006 पासून बंद आहे, कारण मेलेलं ढोर खाऊन गिधाडं मरत होती. आणि इंजेक्शननं लंगडणं थांबलं म्हणून लगेच कामाला जुंपू नका. दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

पर्यटकांचे घोडे ठेवणाऱ्या भावांसाठी एक आकडा. 1965 च्या सरकारी नियमात ओझ्याच्या तट्टूवर 70 किलोच भार सांगितला आहे, आणि जनावराला दिवसाला 9 तासांवर काम नाही. आपल्या चढउताराच्या वाटांवर 90 किलोचा माणूस लहान तट्टूवर बसवला की तो भार कुठे जातो ते आता तुम्हाला कळलं असेल. खोगिराखालची घडी रोज झाडा, तंग रोज पाहा.

पेरणीच्या घाईत बैल लंगडला किंवा सुट्टीच्या गर्दीत घोडा लंगडला, तर आधी खूर उचला. त्याला पाच मिनिटं लागतात.