न दिसणारा सांधा

१८७८ साली एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने सॅन फ्रान्सिस्कोतल्या नॉब हिलवरून कॅमेरा गोल फिरवत सगळं शहर टिपलं. १३ मोठ्या काचांवर १३ छायाचित्रं. ती शेजारी शेजारी मांडली, की सुमारे १७ फुटांचा अखंड देखावा तयार. मात्र त्यातले सांधे लपत नाहीत.

आज मोबाइल फिरवला, की असं चित्र क्षणात मिळतं आणि सांधा शोधावा लागतो. ही किमया कोणाची, असं विचारलं तर बहुतेक जण एखाद्या कंपनीचं नाव घेतील. मला मात्र हेल्मुट डेर्श आठवतात.

जर्मनीत फुर्टवांगेन इथे शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये 'पॅनोरामा टूल्स' तयार केलं आणि फुकट देऊन टाकलं. दोन छायाचित्रांत एकच खिडकी दिसते. अशा सामाईक खुणा आपण दाखवायच्या. कॅमेरा किती वळला, भिंगाने रेषा किती वाकवल्या, हे गणित संगणक करणार. पण ते वापरणं किचकट होतं. ते सोपं व्हावं म्हणून नेदरलँड्समध्ये 'पीटीगुई' निघालं.

पुढे एका अमेरिकी कंपनीने पेटंटवरून हरकत घेतली आणि डेर्श यांनी वाटप थांबवलं. एकटा माणूस कोर्टकचेरीला कुठवर पुरणार? काम तिथेच संपायचं. पण मूळ आज्ञावली त्यांनी खुल्या परवान्याने दिली होती; ती इतरांनी उचलली. २००३ मध्ये पाब्लो डी'अँजेलो यांनी 'हगिन' सुरू केलं. अँड्र्यू मिहाल यांच्या 'एनब्लेंड'ने सांध्यावरचा उजेडाचा फरक मिटवला. त्यामागचं तंत्र बर्ट आणि एडल्सन यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं.

खुणा शोधणारा डोळा संगणकाला मिळाला तो कॅनडात. डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये 'सिफ्ट' ही पद्धत मांडली. २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन यांच्यासह त्यांनी चित्रांच्या ढिगातून कोणतं कोणाशेजारी बसतं, हे आपोआप ओळखून दाखवलं. या पद्धतीवरही पेटंट होतं. ते २०२० मध्ये संपलं.

हगिनमध्ये मी अजूनही कधी कधी हाताने खुणा लावतो. कौलाचा कोपरा इकडे, तोच कोपरा तिकडे. मायब्रिजचे सांधे दिसतात, म्हणून त्याचे कष्टही दिसतात. आपल्या चित्रांत सांधा दिसत नाही. तेव्हा तो जुळवणाऱ्यांची नावं तरी आपण घ्यावीत.