परसातल्या कोंबड्या आणि त्यांचा टोचक्रम

परसातल्या कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोच मारते आणि कोण निमूटपणे बाजूला होते, हे त्या त्या क्षणीच्या रागालोभावर ठरत नाही. कळपातल्या प्रत्येक दोन कोंबड्यांमधला निवाडा बहुधा एकदाच होतो आणि पुढे महिनोन्‌महिने दोघीही तो पाळतात. या निवाड्यांतून कळपाची जी उतरंड तयार होते, तिला टोचक्रम म्हणता येईल. प्राण्यांच्या समाजातील वरिष्ठ-कनिष्ठपणाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी याच टोचक्रमापासून सुरू झाला, आणि माकडांपासून माशांपर्यंतच्या पुढील अभ्यासांना त्याची भाषा व मोजण्याची रीत घरामागच्या खुराड्याने पुरवली. हे ज्ञान परसात सापडले यालाही कारण आहे: जिथे पाळणारा प्रत्येक पक्ष्याला तोंडावरून ओळखतो आणि पक्षीही एकमेकांना ओळखतात, अशाच जागी ते हाती लागण्यासारखे होते, आणि कुक्कुटपालनाने ती जागा सोडली तेव्हा या ज्ञानाचाही त्या धंद्याला विसर पडला.

शास्त्राच्या आधी हे ज्ञान बायकांकडे होते. महाराष्ट्रात काय किंवा युरोप-अमेरिकेच्या खेड्यांत काय, परसातल्या कोंबड्या आणि त्यांच्या अंड्यांचे चार पैसे हा घरातल्या बाईचा कारभार असे. गावाकडे बाजारातून आणलेली तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, थेट कळपात सोडत नाहीत. तिला काही दिवस डालग्याखाली ठेवतात, म्हणजे जुन्या कोंबड्या तिच्याभोवती चरतात, बांबूच्या फटींतून तिला पाहतात, पण तिच्यावर तुटून पडू शकत नाहीत. काही घरांत नवी कोंबडी अंधार पडल्यावर खुराड्यात सारतात, कारण तेव्हा जुन्या कोंबड्या बसलेल्या असतात आणि त्यांना नीट दिसत नाही. कळपाच्या दृष्टीने परकी कोंबडी हा सोडवायचा प्रश्न असतो आणि तो प्रश्न एकेकीशी स्वतंत्रपणे सुटतो, हे या रीतींमागचे भान आहे. ते कोणी लिहून ठेवले नाही, कारण अंडी-पिल्लांच्या उस्तवारीत लिहिण्याजोगे काही आहे असे लिहिणाऱ्यांना वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकात कोंबड्यांविषयी लिखाण भरपूर झाले, पण त्याचा रोख निराळा होता. १८४० च्या दशकात आशियातून आलेल्या मोठ्या, पिसारलेल्या कोंबड्या इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियापर्यंत पोचल्या, १८४९ मध्ये बॉस्टनला कुक्कुट प्रदर्शन भरले, आणि तुरा, पिसे, पायांचा रंग यांचे नियम ठरवून पक्ष्यांना बक्षिसे मिळू लागली. डार्विन यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात पाळीव कोंबडीचे मूळ तांबड्या रानकोंबड्यात दाखवले. तेव्हा शरीराची चर्चा झाली आणि वंशाचीही झाली. एकत्र ठेवलेल्या बारा कोंबड्या आपसांत कशा राहतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

तो विचारला एका मुलाने. थोर्लाइफ शेल्डरुप-एबे यांचा जन्म १८९४ मध्ये क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, शिल्पकार आईवडिलांच्या घरी झाला. लहानपणीच त्यांना कोंबड्यांचा नाद लागला आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास ते प्रत्येक कोंबडीची ओळख पटवून, कोणी कोणाला टोचले याच्या नोंदी वहीत करू लागले. १९१३ मध्ये त्यांनी कोंबड्यांच्या आवाजांवर नॉर्वेजियन भाषेत लेख लिहिला आणि १९२२ मध्ये कोंबड्यांच्या सामाजिक मानसशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातले मुख्य प्रतिपादन असे, की एकत्र राहणाऱ्या कोणत्याही दोन कोंबड्यांपैकी एक टोचणारी व दुसरी टोचून घेणारी असते. हा संबंध पहिल्या भेटीतल्या झुंजीने, किंवा एकीने न झुंजताच माघार घेतल्याने ठरतो. आणि एकदा ठरला की धाकटी उलटून टोचत नाही. मायदेशात विद्यापीठीय कारकीर्द त्यांच्या वाट्याला आली नाही. नॉर्वेतल्या पहिल्या महिला प्राध्यापक असलेल्या क्रिस्टीन बोनेव्ही यांच्याशी त्यांचे बिनसले आणि ज्या शोधाचा उल्लेख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होतो, त्याचा कर्ता आपल्याच विद्यापीठात उपरा राहिला, ही या इतिहासातली खेदाची बाजू आहे.

त्या नोंदींचे बळ त्यांच्या बारकाव्यात आहे. दाण्याच्या भांड्याशी दोन कोंबड्या आल्या की थोरली मान उंच करते आणि क्षणभर धाकटीकडे रोखून पाहते; धाकटी डोके खाली घालते, अंग चोरते आणि अर्धे पाऊल सरकते. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटते, चोच लागतही नाही, आणि लागलीच तर ती डोक्यावर किंवा मानेवर एक झटकी टोच असते. स्थिरावलेल्या कळपात खरी झुंज क्वचितच दिसते. ही उतरंड नेहमी सरळ शिडीसारखी नसते, हेही शेल्डरुप-एबे यांनी दाखवले: पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीलाच टोचते, असे त्रिकोण कळपात आढळतात, कारण प्रत्येक जोडीचा निवाडा वेगळ्या दिवशी, वेगळ्या परिस्थितीत झालेला असतो. एखादी आजारी असताना किंवा पीस झडत असताना हरली, तर बरी झाल्यावरही ती पायरी सहसा तशीच राहते. पुढे ते स्वतः या निरीक्षणावरून फार दूर गेले आणि जुलूमशाही हेच सृष्टीचे मूलतत्त्व आहे असे मांडू लागले. त्यांच्याच नोंदी या निष्कर्षाला पुरेसा आधार देत नाहीत, कारण टोच खाणारीला आपली जागा ठाऊक असल्याने रोजची मारामारी टळते आणि दुबळीच्याही पोटात दाणा जातो, हेच त्या नोंदींतून अधिक ठळकपणे दिसते.

हा मुद्दा प्रयोगाने सिद्ध करण्याचे काम अमेरिकेत झाले. शिकागो विद्यापीठातील वॉर्डर क्लाइड ॲली हे क्वेकर पंथाचे, म्हणजे हिंसा निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती संप्रदायाचे होते आणि प्राण्यांमधील सहकार्य हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता, त्यामुळे टोचक्रमाकडे त्यांनी जुलमाच्या चष्म्यातून पाहणे शक्यच नव्हते. १९३९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या पायरीवरील कोंबड्यांना टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नरांमध्ये प्रामुख्याने आढळणारे संप्रेरक, टोचले. त्यांचे तुरे वाढले, त्या आक्रमक झाल्या आणि पायऱ्या चढल्या. त्याहून महत्त्वाचा प्रयोग ॲली आणि त्यांचे सहकारी गूल यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. काही कळपांतल्या कोंबड्या त्यांनी ठरावीक काळाने बदलत ठेवल्या आणि काही कळप तसेच राहू दिले. बदलत्या कळपांतल्या कोंबड्या जास्त टोचाटोची करत, कमी खात, त्यांची वजने मागे राहत आणि अंडीही कमी मिळत. डालगे वापरणाऱ्या बाईला जे अनुभवाने ठाऊक होते, ते आता आकड्यांत आले: कळपात स्थैर्य असेल तर अंडी मिळतात. पुढे कॅन्ससमध्ये गूल यांनी कोंबड्यांचे तुरे आणि पिसे यांचे रूप पालटून पाहिले, तेव्हा डोके आणि मान यांत बदल केला की ओळखीच्या कोंबडीलाही बाकीच्या परकी समजतात आणि तिच्यावर हल्ला करतात, असे आढळले.

ओळख पटली तरी दोघींत वरचढ कोण, हे ठरवताना केवळ ताकद कामी येत नाही. कॅनडातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोंबडीला एक झुंज पाहू दिली, जिच्यात तिची थोरली आणि एक परकी कोंबडी समोरासमोर होत्या. थोरली हरलेली जिने पाहिले, तिने त्या परकीपुढे न झुंजताच मान खाली घातली. थोरली जिंकलेली जिने पाहिले, ती मात्र परकीला आव्हान द्यायला धजली. जिने मला हरवले तिलाही जी हरवते, तिच्याशी माझा निभाव लागणार नाही, अशा हिशेबाशी हे वागणे तंतोतंत जुळते, आणि कोंबडीला अक्कल नसते या सर्वत्र रूढ समजुतीला इतके स्वच्छ उत्तर दुसरे नसेल. यात स्वभावाचाही भाग असतो. एक नव्या जागी बेधडक फिरते, दुसरी भिंतीला धरून चालते. खुडूक बसलेली, म्हणजे अंडी उबवण्याच्या अवस्थेतली, एरवी गरीब असलेली कोंबडी कोणालाही जवळ फिरकू देत नाही, आणि पिल्ले बरोबर असताना आपल्या थोरल्यांवरही धावून जाते.

माद्यांची आणि नरांची उतरंड वेगवेगळी असते. कोंबडा माद्यांच्या रांगेत मोडत नाही. तो दाणा सापडल्यावर विशिष्ट आवाज काढून आणि चोचीने दाणा उचलून-टाकून माद्यांना बोलावतो, घार दिसली की एक इशारा देतो आणि जमिनीवरून शत्रू आला तर निराळा. नरांच्या आपसांतल्या पायऱ्या पहाटेच्या आरवण्यातही पाळल्या जातात: जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की एका गटातल्या कोंबड्यांपैकी सर्वांत वरचा आधी आरवतो, बाकीचे पायरीनुसार त्याच्यामागून आरवतात, आणि वरच्याला काढून घेतले तर दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो.

या सगळ्याची मुळे रानात आहेत आणि त्यांतले एक सह्याद्रीशी जोडलेले आहे. तांबडा रानकोंबडा हाच मुख्य पूर्वज असला, तरी अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांना आणि कातडीला पिवळा रंग देणारे जनुक राखी रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये सिद्ध झाले, आणि हा पक्षी दक्षिण व पश्चिम भारताचा, कोकण-गोव्याच्या घाटमाथ्यावरच्या जंगलांचा रहिवासी आहे. रानात हे पक्षी लहान टोळ्यांनी राहतात, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाची ओळख ठेवणे शक्य असते, आणि परसातला कळप आकाराने त्या टोळीच्या जवळचा आहे.

कुक्कुटपालनाच्या मोठ्या धंद्याने मोडले ते हेच माप. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या शेतकरी स्त्रीने ५० पिल्ले मागवली, चुकून ५०० आली, आणि ती मांसासाठी वाढवून विकण्यातून ब्रॉयलरचा, म्हणजे केवळ मांसासाठी वाढवलेल्या पक्ष्यांचा, धंदा उभा राहिला असे मानले जाते. बायकांच्या हातातला जोडधंदा काही दशकांत कारखानदारी झाला. भारतात या बदलाचे एक मोठे केंद्र पुणे ठरले; बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उबवणी केंद्राचा उद्योग सुरू केला आणि १९८२ मध्ये अंड्याचा भाव उत्पादकांनी ठरवावा यासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. अंडे स्वस्त झाले आणि गरिबाच्या ताटात आले, हे या बदलाचे निर्विवाद श्रेय आहे.

मात्र शेडमध्ये आणि पिंजऱ्यात कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागल्या, रक्त काढू लागल्या, मरू लागल्या. याला पुष्कळदा टोचक्रमाचाच अतिरेक समजले जाते, पण ते बरोबर नाही. पायरी दाखवणारी टोच डोक्यावर बसते आणि धाकटी सरकली की थांबते, तर पिसे उपटणे पाठीवर व शेपटीकडे चालते, त्यात थोरली-धाकटी असा भेद नसतो, आणि माती उकरून दाणा-किडा शोधण्याची सहज प्रवृत्ती वाव न मिळाल्याने शेजारणीच्या पिसांकडे वळते, असे अनेक अभ्यासक मानतात. फार मोठ्या गटात तर पायऱ्या पाळणेच बहुतांशी सुटते आणि कोंबड्या परक्यांना सहन करू लागतात, हेही दिसून आले आहे. धंद्याने यावर १९३० च्या दशकापासून चोचीचे टोक छाटण्याचा उपाय काढला. चोचीत मज्जातंतू असतात, त्यामुळे ही छाटणी वेदनादायक असते, आणि कारणाला हात न लावता केवळ हत्यार काढून घेणारा हा उपाय इतकी दशके चालू राहिला, हे या व्यवसायाच्या इतिहासातले एक काळे पान आहे.

वेगळी वाट अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी शोधली. सर्वांत जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडून पैदास करण्याऐवजी त्यांनी एका पिंजऱ्यातल्या संपूर्ण गटाचे उत्पादन आणि आयुष्य पाहून गटच्या गट निवडले. छाटणी न केलेल्या या कोंबड्यांतले वार्षिक मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होते, ते चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आले, आणि हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटीने भरपूर अंडी देणारी कोंबडी शेजारणींच्या जिवावर तशी होत असू शकते, हे त्यामुळे पैदास करणाऱ्यांच्या लक्षात आले. युरोपीय संघाने २०१२ पासून अंड्यांच्या कोंबड्यांसाठी साधे, काहीही सोय नसलेले पिंजरे बंद केले आणि पिंजरा ठेवायचाच तर त्यात बसायला दांडी, अंडी घालायला आडोसा व उकरायला जागा सक्तीची केली.

महाराष्ट्रात परसातले कुक्कुटपालन यादरम्यान थांबले नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराज अशा सुधारित जाती गावोगाव गावठी कोंबड्यांच्या शेजारी आल्या. या जातींची पिल्ले घरोघरी वाटताना टोचक्रम लक्षात घ्यावा लागतो: तो पिल्लांच्या वयाच्या साधारण सहा ते दहा आठवड्यांत बसतो, म्हणून एकत्र वाढलेली पिल्ले तो बसण्याआधी किंवा बसल्यावर एकाच घरी सगळी मिळून दिली, तर त्यांची झुंज थोडक्यात आटोपते. तोच लॉट चार घरी वाटून पुन्हा इतरांच्या पिल्लांत मिसळला, की प्रत्येक परसात निवाडे पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्या आठवड्यांत कमी भरणारे वजन व लांबणारी अंडी यांचा तोटा वाटप करणाऱ्याला नव्हे, तर पिल्ले सांभाळणाऱ्या बाईला सोसावा लागतो.