अडतीस दिवस आणि एक रात्र

पन्हाळा ते विशाळगड या वाटेवरचे दोन प्रवास इतिहासात नोंदलेले आहेत. पहिला जुलै १६६० चा. १२ तारखेच्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले. दुसरा प्रवास ४२ वर्षांनंतरचा, उलट्या दिशेचा. १० जून १७०२ ला औरंगजेबाची छावणी विशाळगडाहून हलली आणि पन्हाळ्याला पोचली १७ जुलैला. म्हणजे अडतीस दिवस! अंतर जेमतेम तीस मैल. मुलूख तोच, पाऊसही तोच.

पहिली गोष्ट आपल्याला चौथीच्या पुस्तकापासून पाठ आहे. दुसरी मात्र कॉलेज संपेपर्यंत माझ्या कानावरसुद्धा आली नव्हती. खरं तर दुसरी वाचल्याशिवाय पहिली नीट कळत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि त्याला कारण सायकल. शाहूवाडी तालुक्यात सायकलवर दोन दिवस काढले की माणूस शौर्याबरोबर वजनाचाही विचार करायला लागतो.

आधी रस्ता सांगतो. कोल्हापूरहून रत्नागिरीचा हायवे धरायचा. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर. इथवर दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे चढउतार, गाणी ऐकत जाता येतं. (हेडफोन लावू नका, मागून एसटी येते.) शाहूवाडी हे तालुक्याचं गाव मलकापूरला लागूनच. नवखा माणूस दोन्ही नावांत हमखास गोंधळतो. मलकापुरात हायवे सोडून अणुस्कुरा घाटाचा रस्ता घेतला की ऊस हळूहळू मागे पडतो आणि जंगल सुरू होतं. येळवण जुगाई, पांढरपाणी, मग आत वळून भाततळी, पावनखिंड, गजापूर आणि शेवटी विशाळगड. येताना आंब्यावरून आलात तर मस्त लूप होतो. जुनी पायवाट याहून वेगळी आहे. ती पन्हाळ्यावरून म्हसाई पठार ओलांडून वाड्यावाड्यांतून जाते, तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. दर जुलैमध्ये कितीतरी ग्रुप ती वाट पायी करतात. तरणीबांड पोरं, पायात चांगले बूट, पाठीमागे शत्रू नाही आणि रात्री मुक्काम. तरी दोन दिवस लागतात.

पांढरपाण्याच्या अलीकडे छोटे छोटे चढ एकामागून एक येतात. घाटासारखा एकच लांब चढ नाही. चढलं की उतार, उताराच्या तळाशी ओढा, की परत चढ. इंजिनिअर लोकांना सांगायला नको, दहा किलो सामान शंभर मीटर वर न्यायचं म्हणजे जवळजवळ दहा किलोज्यूल काम. कागदावर हे काहीच नाही. पण उतारावर मिळालेलं सगळं ओढ्याच्या चिखलात ब्रेक मारून घालवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असं वीस वेळा झालं की कॅरिअरवरची प्रत्येक वस्तू नकोशी होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्याची रचनाच अशी आहे.

आता १६६० कडे या. वेढा मार्चपासूनचा. जौहरच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज आले होते. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफा आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्यापर्यंत आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्याने गडावर मारा केला. राजापूर कोकणात, खाडीकाठी. तिथून वर येणारी सरळ वाट अणुस्कुरा घाटाची. रेव्हिंग्टन नेमका कुठल्या घाटाने चढला हा वाद बाजूला ठेवू, पण कुठल्याही घाटाने चढला तरी तोफा वर ओढणारे खांदे आणि बैल इथलेच असणार. (पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत टाकलं. सुटायला जवळजवळ दोन वर्षं लागली.)

म्हणजे एका बाजूला तोफा, तंबू, घोडदळ. दुसऱ्या बाजूला काय होतं? सुमारे सहाशे माणसं, बहुतेक बांदलांचे मावळे, सगळे पायी. दोन पालख्या. एका पालखीत शिवा काशीद महाराज बनून बसला आणि पकडला गेला, त्यात त्याचा जीव गेला. दुसऱ्या पालखीत खुद्द महाराज. अख्ख्या तुकडीत जड वस्तू म्हणाल तर ती पालखी, आणि ती वाहून नेणारे भोई. भर आषाढात, रात्री, निसरड्या जांभ्यावरून एका माणसाला खांद्यावर घेऊन धावायचं. खांदे बदलत नेलं असणार हे उघड आहे. बाजीप्रभूंवर, शिवा काशीदवर आपण मनापासून बोलतो आणि बोलायलाच हवं. पण त्या भोयांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. मला हे फार खटकतं. त्या रात्रीचा वेग त्यांच्या खांद्यांवर होता.

मागून सिद्दी मसूद घोडेस्वार आणि प्यादे घेऊन आला. उघड्या मैदानात घोड्यापुढे पळणारा माणूस टिकत नाही. पण गजापूरच्या घोडखिंडीत घोड्याचा उपयोग संपतो. खिंड अरुंद, खाली पाण्याचा प्रवाह, दगड शेवाळलेले. तीनशेच्या आसपास लोक घेऊन बाजीप्रभू तिथे थांबले. त्यांनी जागा निवडली ती अशी, की जिथे समोरच्याची संख्या आणि जनावरं दोन्ही त्याला ओझं व्हावीत. पुढे महाराजांनाही विशाळगड सहज मिळाला नाही, गडाखाली सुर्वे आणि दळवी मोर्चे लावून बसले होते, त्यांच्याशी लढून वर जावं लागलं. बाजी आणि त्यांचे भाऊ फुलाजी दोघेही पडले. विशाळगडावर त्यांच्या समाध्या आहेत.

आता दुसरी गोष्ट. डिसेंबर १७०१ मध्ये औरंगजेब स्वतः विशाळगडाला वेढा घालायला आला. वय ८३. आंबा घाटाची वाट त्याच्या तोफांना पुरेना, तेव्हा फतहुल्लाखानाने मजूर लावून ती मोकळी करून घेतली. किल्ल्यावर परशुराम त्रिंबक. त्यांनी सहा महिने किल्ला लढवला आणि जूनमध्ये, म्हणजे पावसाच्या तोंडावर, दोन लाख रुपये घेऊन तो खाली करून दिला. आपल्याकडे काही जणांना ही गोष्ट कमीपणाची वाटते. मला तर हा अत्यंत हुशार सौदा वाटतो. पैसे घेतले, माणसं वाचवली आणि बादशहाला जगातल्या सगळ्यात वाईट जागी, सगळ्यात वाईट महिन्यात, रिकाम्या किल्ल्यासह सोडून दिलं. बादशहाने किल्ल्याला नवं नाव दिलं, सख्खरलना. आणि मग परतीचा प्रवास सुरू झाला.

मुघल छावणी म्हणजे फिरतं शहर. सैनिकांच्या कैक पट बाजारबुणगे, बायकापोरं, व्यापारी, उंट, बैल, हत्ती, तोफा. जूनच्या मध्यात आपल्या सायकलीचं चाक जिथे रुततं तिथे हत्तीचं काय होत असेल विचार करा. ओढ्यांना पूर, ओलांडायला होड्या नाहीत. जनावरं चिखलात बसली ती उठलीच नाहीत. धान्य रुपयाला शेर झालं, सरपण आणि वैरण मिळेना. अंगावर भिजलेले तंबू, आणि भिजलेला तंबू किती जड होतो हे ट्रेकला गेलेल्या कुणालाही विचारा. अडतीस दिवसांत तीस मैल म्हणजे दिवसाला मैलसुद्धा नाही. मराठ्यांना हल्ला करायचीही फारशी गरज नव्हती. यात मेलेले बहुतेक लोक लढणारे नव्हतेच. हमाल, माहूत, स्वयंपाकी. त्यांचीही नावं कुठे नाहीत.

गंमत म्हणजे हा धडा अडीचशे वर्षांचा जुना होता. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याच खेळणा किल्ल्यावर (विशाळगडाचं जुनं नाव) निघाला होता. शिर्क्यांनी वाट दाखवायच्या मिषाने त्याला दाट जंगलात नेलं आणि तिथे त्याची फौज कापली गेली. त्यानंतर महमूद गावान आला, तो शहाणा निघाला. पावसाळा लागताच घाटातून मागे फिरून कोल्हापूरला येऊन राहिला, आणि नंतर किल्ला मिळवला. औरंगजेबाच्या दरबारात फारसी इतिहासाची वाण नव्हती. फिरिश्ताचं पुस्तक तोवर शंभर वर्षांचं झालं होतं. पण चालती छावणी थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. कुठल्याही मोठ्या प्रोजेक्टवर काम केलेल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

औरंगजेब १७०७ मध्ये वारला आणि किल्ला लवकरच मराठ्यांकडे परत आला. पंतप्रतिनिधींच्या एका शाखेची ही जहागीर झाली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचं ठाणं खाली मलकापूरला आलं. म्हणून तालुक्यातला जुना बाजार आणि वाडा तिथे आहे, आणि विशाळगडावर पडक्या भिंती.

खिंडीत उतरायला आता पायऱ्या आणि लोखंडी शिडी आहे, वर स्मारक आहे. ऐन आषाढात गेलात तर आत पाणी इतकं असतं की बोललेलं ऐकू येत नाही. सायकल वर रस्त्यालाच लावा. गजापूरकडे निघायच्या आधी ब्रेकमधला चिखल काढून घ्या, पुढे उतार आहे.